टिकर सगळ्यात शेवटी

आम्स्टरडॅमच्या बाजारात ज्याला आयडब्ल्यूडीए म्हणतात, तोच फंड जर्मनीच्या झेट्रावर ईयूएनएल या नावाने दिसतो आणि लंडनमध्ये पौंडाच्या फलकावर एसडब्ल्यूडीए होतो. फंड तिन्हीकडे एकच, एमएससीआय वर्ल्ड या विकसित देशांच्या शेअर-निर्देशांकाच्या मागे चालणारा आयशेअर्सचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. त्याचा आयसिन हा बारा अक्षरी ओळख-क्रमांक कुठेही गेलं तरी बदलत नाही. बदलतं ते फक्त दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि भाव लिहिण्याचं चलन. तरीही वॉर्सा, क्राकूव किंवा व्रोत्सवाफमध्ये पहिल्यांदा गुंतवणुकीकडे वळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो, की यातला कोणता घेऊ? आणि तिथेच क्रम उलटा होतो. पोलंडमधल्या सामान्य गुंतवणूकदाराच्या हातात शेवटी किती झ्वॉटी, म्हणजे तिथल्या चलनात किती पैसे, पडणार, याचा मोठा भाग टिकर, म्हणजे बाजाराच्या पाटीवरचं हे छोटं नाव, निवडण्याच्या आधीच ठरलेला असतो. कोणत्या खात्यात, कोणत्या देशातला फंड, कोणता निर्देशांक, हे आधी ठरतं. टिकर सगळ्यात शेवटी येतो.

पोलिश माणूस या वाटेला का लागला, हे थोडक्यात सांगायला हवं. त्याच्या घरच्या बाजाराचा प्रमुख निर्देशांक विग-२० ऑक्टोबर २००७ मध्ये ३,९०० च्या वर होता आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १,४०० च्या खाली. या निर्देशांकात लाभांश धरलेले नसतात हे खरं, पण पंधरा वर्षांनंतर असं चित्र पाहिलेल्या माणसाला लाभांशाची समजूत पुरत नाही. बँकेत गेलं तर तिथे सक्रिय फंड, म्हणजे ज्यांत व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो असे फंड, विकले जात. त्यांची वार्षिक फी ३.५ ते ४ टक्क्यांपर्यंत असे. सरकारने कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि २०२२ पासून ती २ टक्के झाली. शिवाय २०१४ साली खासगी पेन्शन फंडांमधली निम्म्याहून थोडी जास्त रक्कम सरकारी पेन्शन व्यवस्थेच्या खात्यात वळवली गेली. ‘आपलं म्हातारपण आपणच बघायचं’ हे वाक्य तिथे घरोघर ऐकू येतं ते यामुळे. आपल्याकडे सोनं आणि फ्लॅट, तिथे सदनिका आणि बँकेतली ठेव. त्यात ईटीएफ हा पाहुणा उशिरा आला. वॉर्साच्या बाजारात पहिला ईटीएफ नोंदला गेला तो सप्टेंबर २०१० मध्ये.

पहिली भिंत लागते ती अमेरिकेची. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकी माणसाने अमेरिकी माणसाला दिलेले असतात. त्यातले व्हीओओ, व्हीटीआय, एसपीवाय हे फंड पोलंडमधल्या किरकोळ ग्राहकाला ब्रोकर विकतच नाही. युरोपीय संघात १ जानेवारी २०१८ पासून अशा प्रत्येक उत्पादनासोबत ठरावीक नमुन्यातलं तीन पानी माहितीपत्रक, म्हणजे केआयडी, देणं बंधनकारक आहे. अमेरिकी कंपन्या ते बनवत नाहीत. यावर लोक चिडतात, पर्याय-करार वापरून मागच्या दाराने ते फंड मिळवण्याच्या युक्त्या शोधतात. ही धडपड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत नोंदलेली मालमत्ता परदेशी माणसाच्या नावावर असताना तो वारला, तर ६०,००० डॉलरच्या वरच्या रकमेवर अमेरिकी वारसाकर लागतो आणि तो ४० टक्क्यांपर्यंत चढतो. पोलंडचा अमेरिकेशी वारसाकराबाबत करार नाही. एखाद्या शतांश टक्क्याच्या कमी फीसाठी घरच्यांच्या डोक्यावर हे ओझं ठेवण्यात शहाणपण नाही.

मग उरतात युरोपच्या युसिट्स नियमांखालचे फंड, आणि त्यात आयसिनची पहिली दोन अक्षरं बघायची. ‘आयई’ म्हणजे आयर्लंड, ‘एलयू’ म्हणजे लक्झेंबर्ग. हा फरक नकाशावरचा वाटतो, पण तो पैशाचा आहे. अमेरिकी कंपनीने दिलेला लाभांश आयरिश फंडाच्या हातात येताना अमेरिका त्यातले १५ टक्के कापते. प्रत्यक्ष शेअर बाळगणाऱ्या लक्झेंबर्गच्या फंडाकडून साधारण ३० टक्के कापते. लाभांश दीड टक्का धरला तर पहिल्या फंडाचे वर्षाला ०.२२५ टक्के जातात, दुसऱ्याचे ०.४५. जगभरच्या निर्देशांकात अमेरिकेचा वाटा साठ टक्क्यांच्या वर असल्यामुळे ही गळती फंडाच्या जाहीर फीइतकीच महत्त्वाची ठरते, आणि ती फीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. आयर्लंड स्वतः पोलंडच्या रहिवाशाकडून काही कापून घेत नाही. शेअर न बाळगता बँकेशी स्वॅप करार करून निर्देशांकाचा परतावा देणारे कृत्रिम फंडही असतात. अमेरिकेच्या मोठ्या निर्देशांकांवरच्या अशा करारांना हा लाभांशकर लागत नाही, म्हणून एसअँडपी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकासाठी ते थोडे पुढे राहतात. त्या बदल्यात समोरच्या बँकेची जोखीम येते. नियमाने ती मर्यादित आहे, पण शून्य नाही.

आता खात्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि नेमका इथेच लोक सगळ्यात कमी देतात.

पोलंडमध्ये भांडवली नफ्यावर, लाभांशावर, ठेवीच्या व्याजावर १९ टक्के कर आहे. तो ज्यांच्या कारकिर्दीत आला त्या अर्थमंत्री मारेक बेल्का यांच्या नावाने लोक त्याला आजही ‘बेल्काचा कर’ म्हणतात. त्यातून सुटायचे, स्वतः उघडता येणारे दोन प्रमुख कायदेशीर दरवाजे आहेत. पहिला इके, म्हणजे वैयक्तिक पेन्शन खातं, २००४ पासूनचा. दुसरा इकझे, हेही पेन्शनचंच खातं पण वेगळ्या नियमांचं, २०१२ पासूनचा. इकेमध्ये भरलेल्या पैशावर आज काही सवलत मिळत नाही, पण साठीनंतर काढताना नफ्यावर एक ग्रोशही कर नाही. अट एवढीच, की किमान पाच वेगवेगळ्या कॅलेंडर वर्षांत पैसे भरलेले असावेत, किंवा निम्म्याहून जास्त रक्कम काढण्याच्या पाच वर्षं आधी भरलेली असावी. २०२५ साठी इकेची मर्यादा २६,०१९ झ्वॉटी होती. इकझेची १०,४०७.६० झ्वॉटी, स्वतंत्र व्यावसायिकांना त्याहून जास्त. इकझेत भरलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते आणि पासष्टीनंतर काढताना संपूर्ण रकमेवर सरळ १० टक्के कर लागतो.

वर्षाला १,२०,००० झ्वॉटीच्या वर करपात्र उत्पन्न असणाऱ्याला ३२ टक्के कर लागतो. इकझेची पूर्ण मर्यादा ज्याच्या या वरच्या टप्प्यात मावते, त्याचे एका वर्षात ३,३३० झ्वॉटी वाचतात. १२ टक्क्यांच्या खालच्या टप्प्यातल्या माणसाचे १,२४९. खालच्या टप्प्यातल्याला इकझे फायद्याचं असतं, पण कराचा परतावा म्हणून आलेले ते पैसे पुन्हा गुंतवले तरच. ते खर्च झाले तर आज १२ टक्के वाचवून उद्या साऱ्या रकमेवर १० टक्के देण्यात फारसं काही उरत नाही. आणखी एक फरक कागद वाचल्याशिवाय कळत नाही. अडचण आली तर इकेतून थोडे पैसे काढता येतात, त्या भागाच्या नफ्यावर १९ टक्के भरले की झालं. इकझेतून थोडे काढता येत नाहीत. काढायचे तर सगळे, आणि ती सगळी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवून कर भरायचा. पस्तिशीच्या माणसाने घराच्या हप्त्याची बेगमी इकझेत ठेवली, तर तो स्वतःलाच कोंडून घेतो.

या सगळ्याचं वजन किती, हे एका हिशेबाने बघू. १०,००० झ्वॉटी, वीस वर्षं, वर्षाला ७ टक्के वाढ. हे ७ टक्के फक्त हिशेबापुरते धरले आहेत. इकेमध्ये शेवटी ३८,६९७ झ्वॉटी होतात आणि सगळे हातात येतात. साध्या खात्यात, लाभांश आतच गुंतवणाऱ्या फंडात तेवढेच होतात, पण विकताना बेल्काच्या कराचे ५,४५२ जातात आणि ३३,२४५ उरतात. त्याच साध्या खात्यात लाभांश वाटणारा फंड घेतला, दर वर्षी २ टक्के लाभांश कर भरून पुन्हा गुंतवला, तर शेवटी साधारण ३२,३०० उरतात. म्हणजे खातं बदलल्याने सुमारे साडेपाच हजारांचा फरक, फंडाचा प्रकार बदलल्याने साडेनऊशेच्या आसपास. आणि ज्यावर रात्र रात्र वाद चालतात ती फी ०.२० ऐवजी ०.१२ टक्के मिळाली, तर वीस वर्षांत इकेमध्ये पावणेसहाशे झ्वॉटींचा फरक पडतो. तीनही फरक खरे आहेत आणि कोणताही सोडून देण्यासारखा नाही. पण कशाला आधी हात घालायचा, ते या आकड्यांवरून दिसतं.

इके उघडताना होणारी चूक ठरलेली आहे. माणूस आपल्या बँकेत जातो, ‘इके हवं’ म्हणतो, आणि बँक तिच्याकडे असलेलं इके देते. ते ठेवीचं असू शकतं, स्वतःच्या फंड कंपनीचं असू शकतं, विम्याचं असू शकतं. ईटीएफसाठी ब्रोकरकडचं इके लागतं, आणि त्यातही परदेशी बाजार उघडे असलेलं. काही ब्रोकर इकेमध्ये फक्त वॉर्साचा बाजार देतात. एका माणसाला एकच इके ठेवता येतं. चुकीचं उघडलं तर ते दुसऱ्या संस्थेकडे हलवता येतं, पण पहिल्या बारा महिन्यांत हलवल्यास जुनी संस्था शुल्क घेऊ शकते. मधल्या वाटेत पैसे सहसा रोख स्वरूपात जातात, म्हणजे तेवढे दिवस बाजाराबाहेर. त्या वर्षीची मर्यादा ३१ डिसेंबरला संपते, उरलेली पुढे जात नाही. पैसे त्या तारखेच्या आत खात्यात पोचलेले असावे लागतात. नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या आठवड्यात बँकेचं हस्तांतर किती दिवस घेतं, याचा अंदाज शेवटच्या दिवशी घेऊ नये.

निर्देशांक निवडताना एक मजेशीर गाठ लागते आणि ती खास पोलिश आहे. एफटीएसई या संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडला विकसित बाजारांत बसवलं. एमएससीआय ही दुसरी निर्देशांक-संस्था मात्र आजही त्याला उदयोन्मुख म्हणते. दक्षिण कोरियाचंही तसंच आहे, एफटीएसईकडे विकसित, एमएससीआयकडे उदयोन्मुख. आता कोणी विकसित जगासाठी एमएससीआय वर्ल्ड आणि उदयोन्मुख बाजारांसाठी एफटीएसईचा फंड घेतला, तर पोलंड आणि कोरिया दोन्ही त्याच्या जगातून गायब होतात. उलट केलं, विकसित एफटीएसईचा आणि उदयोन्मुख एमएससीआयचा, तर दोन्ही देश दोनदा येतात. पोलंड इवलासा, तो गेला काय आणि दोनदा आला काय. कोरिया गेला तर सॅमसंग जातं. तुकडे जोडून जग बांधायचं असेल तर दोन्ही तुकडे एकाच निर्देशांक-संस्थेचे हवेत.

पण तुकडे जोडायचेच का? एमएससीआय वर्ल्डमध्ये २३ विकसित देश आहेत, त्यात अमेरिका सत्तर टक्क्यांच्या आसपास. एमएससीआय एसीडब्ल्यूआयमध्ये त्या २३ सोबत २४ उदयोन्मुख देश येतात. एफटीएसई ऑल-वर्ल्डही असाच सर्वसमावेशक, कंपन्यांची संख्या जास्त. या दोन्हींत मोठ्या आणि मध्यम कंपन्याच असतात. लहान कंपन्याही हव्या असतील तर नावात आयएमआय असलेला निर्देशांक बघावा. व्हॅनगार्डचा एफटीएसई ऑल-वर्ल्ड फंड, लाभांश आत गुंतवणारा, झेट्रावर व्हीडब्ल्यूसीई नावाने २०१९ पासून आहे. पोलिश गुंतवणूकदारांमध्ये तो इतका रुळला आहे की ती चार अक्षरं सामान्यनामासारखी वापरतात. त्याच कामाचे याहून स्वस्त फंड नंतर आले. ज्याच्याकडे महिन्याला हजार झ्वॉटी गुंतवायला आहेत, त्याने एकच सर्वजागतिक फंड घ्यावा. दोन फंडांचं प्रमाण दर वर्षी सावरायला लागतं, त्यात दोनदा दलाली लागते आणि साध्या खात्यात विक्रीवर कर लागतो. शिवाय ज्या वर्षी उदयोन्मुख बाजार रडतात, त्या वर्षी बहुतेकांचा हात तो फंड घ्यायला धजावत नाही. एकाच फंडात हा निर्णय माणसाच्या हातात राहत नाही आणि ते बरंच आहे. याच फंडातून पोलिश माणसाच्या महिन्याच्या हप्त्यातला थोडा हिस्सा मुंबईत नोंदलेल्या कंपन्यांपर्यंत पोचतो. रिलायन्स, एचडीएफसी बँक या कंपन्या त्या यादीत असतात. पुण्याच्या एसआयपीतले आणि पोझनानच्या इकेतले पैसे अशा रीतीने एकाच वहीत येतात.

घरच्या बाजाराला वेगळा वाटा द्यावा का? विग-२० मध्ये वीसच कंपन्या. त्यात बँका, विमा, तेल आणि तांबं यांचं वजन फार, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांत सरकारचा हात. पोलंडमध्ये राहणाऱ्याची नोकरी, घर आणि सरकारी पेन्शन आधीच पोलंडच्या नशिबाला बांधलेली आहे. म्हणून हा वाटा लहान ठेवावा किंवा ठेवूच नये, असं मला वाटतं. ज्याला ठेवायचाच आहे त्याच्यासाठी वॉर्साच्या बाजारात झ्वॉटीतच व्यवहार होणारे, लाभांश धरून चालणारे, ‘बेटा’ या नावाचे ईटीएफ आहेत, मोठ्या कंपन्यांचे आणि मध्यम-लहान कंपन्यांचेही.

साध्या खात्यात लाभांश आत गुंतवणारा फंड का बरा, हे वरच्या हिशेबात आलंच. जर्मनीत अशा फंडांवर दर वर्षी काल्पनिक उत्पन्न धरून कर लावतात, पोलंडमध्ये तसं नाही, विकेपर्यंत काही द्यावं लागत नाही. फंडाच्या नावात ‘अ‍ॅक्युम्युलेटिंग’ किंवा ‘अ‍ॅक’ असतं ते बघायचं. लाभांश वाटणारा घेतला तर तिमाहीचे चार-दोन युरो येतात, प्रत्येक वेळी झ्वॉटीचा भाव शोधायचा आणि विवरणपत्रात लिहायचं. कामाच्या मानाने पदरात पडतं फार थोडं.

झ्वॉटीवर मात्र थांबायला हवं, कारण इथला गैरसमज सगळ्यात चिवट आहे. ‘युरोमध्ये भाव असलेला फंड घेतला, म्हणजे मी युरोची जोखीम घेतली’ असं लोक धरून चालतात. तसं नसतं. फंडाच्या पोटात ॲपल असेल तर जोखीम डॉलरची, टोयोटा असेल तर येनची. फलकावरचं चलन फक्त मोजायची पट्टी. ती इंचाची असो वा सेंटिमीटरची, कापड तेवढंच. लंडनमध्ये डॉलरात घेतलेला आणि झेट्रावर युरोत घेतलेला तोच आयसिन झ्वॉटीत सारखाच वाढतो किंवा पडतो. फलकाचं चलन निवडताना फक्त एवढं बघायचं, की ब्रोकर कोणतं चलन स्वस्तात बदलून देतो. लंडनचा एक बारीक सापळा आहे, तिथले काही भाव पौंडात नसून पेन्समध्ये असतात. घाईत शंभरपट चूक होते.

मग झ्वॉटीशी बांधलेले, म्हणजे विनिमयदराच्या चढउताराचा परिणाम करार करून काढून टाकणारे चलन-संरक्षित फंड घ्यावेत का? वॉर्सात एसअँडपी ५०० आणि नॅसडॅक-१०० चे असे फंड आहेत. उत्तरासाठी २००८ कडे बघावं. त्या जुलैत डॉलर दोन झ्वॉटींच्या किंचित वर होता. फेब्रुवारी २००९ मध्ये तो ३.९० च्या जवळ गेला. त्याच काळात अमेरिकेचा बाजार एक तृतीयांशाहून जास्त पडला, पण झ्वॉटीत मोजणाऱ्याचं नुकसान डॉलरच्या चढाने भरून काढलं. जगात घबराट झाली की मोठा पैसा लहान चलनांतून बाहेर पळतो आणि झ्वॉटी घसरते. म्हणजे संरक्षण न घेतलेला जागतिक फंड वाईट दिवसांत आपोआप उशी ठरतो, आणि संरक्षण विकत घेणारा ती उशी काढून देतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००४ च्या वसंतात डॉलर चार झ्वॉटींच्या आसपास होता, तो २००८ च्या उन्हाळ्यापर्यंत निम्म्यावर आला. त्या चार वर्षांत अमेरिकी शेअर बाळगणाऱ्या पोलिश माणसाने बाजार चढताना पाहिला आणि आपली झ्वॉटीतली शिल्लक आटताना पाहिली. वीस वर्षांच्या शेअर-गुंतवणुकीला मी संरक्षण घेणार नाही. पाच वर्षांत लागणारे पैसे तर मुळातच परकीय शेअरमध्ये असू नयेत.

ते जवळचे पैसे कुठे ठेवायचे? इथे पोलिश माणसाच्या हातात जगात फार थोड्यांकडे असलेली गोष्ट आहे, ती म्हणजे सरकारचे किरकोळ बचतरोखे. त्यातला दहा वर्षांचा एडो रोखा शंभर झ्वॉटींना एक मिळतो. पहिल्या वर्षी ठरलेला दर, पुढे दर वर्षी महागाई अधिक ठरावीक मार्जिन. व्याज मुद्दलात जमा होत जातं आणि कर शेवटीच लागतो. मुदतीआधी मोडला तर प्रत्येक रोख्यामागे ठरलेली रक्कम कापतात. त्याचा भाव बाजारात नसल्यामुळे तो पडतही नाही. २०२२ मध्ये व्याजदर वाढले तेव्हा दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे ईटीएफ किती कोसळले, हे आठवावं. युरोतले रोखे-ईटीएफ घेणारा पोलिश बचतदार व्याजदराची आणि चलनाची अशा दोन जोखमी अंगावर घेतो आणि बदल्यात पोलंडच्या महागाईपासून काहीच आडोसा मिळत नाही. पोर्टफोलिओच्या शांत भागासाठी मी त्याला ईटीएफ सुचवणार नाही. बचतरोख्यांचंही इके असतं, पण इके एकच असल्याने निवड करावी लागते. जास्त वाढेल ते इकेत, म्हणजे शेअर इकेत आणि रोखे बाहेर, हा क्रम मला बरोबर वाटतो.

दलालीचं गणित छोटं, पण चुकवणारं. समजा ब्रोकर ०.२९ टक्के घेतो, किमान १९ झ्वॉटी. पाचशे झ्वॉटींच्या हप्त्यावर १९ म्हणजे ३.८ टक्के, ०.२० टक्क्यांच्या हिशेबाने ती फंडाची एकोणीस वर्षांची फी होते. ही किमान रक्कम निरर्थक व्हायला एका वेळी साधारण ६,५५० झ्वॉटी लागतात. अशा ब्रोकरकडे दर महिन्याला घेण्याऐवजी काही महिन्यांचे पैसे साठवून घ्यावेत. दलाली शून्य सांगणारे ब्रोकर बहुधा चलन बदलताना घेतात, अर्धा टक्का हा नेहमीचा आकडा. हजारामागे घेताना पाच झ्वॉटी आणि विकताना पुन्हा पाच. लहान हप्त्याला हे १९ झ्वॉटींपेक्षा कितीतरी परवडतं, पन्नास हजारांच्या एकरकमी खरेदीला मात्र २५० झ्वॉटी जातात. तिथे युरोचं खातं जोडता येतं का, आधी बाहेर चलन बदलून आणता येतं का, हे विचारावं. तुकड्यांत युनिट देणारे ब्रोकर सोयीचे, पण असे तुकडे दुसऱ्या ब्रोकरकडे हलत नाहीत हे लक्षात असावं.

खरेदीची वेळही बघावी. झेट्रा सकाळी ९ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. न्यूयॉर्क पोलंडच्या वेळेने दुपारी साडेतीनला उघडतं. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एक आठवडा घड्याळं वेगवेगळी बदललेली असतात, तेव्हा अडीचला. दोन्ही बाजार उघडे असतात तेव्हा फंडाच्या पोटातल्या बहुतेक शेअरचा ताजा भाव माहीत असतो आणि घेण्या-विकण्याच्या भावांतली फट अरुंद होते. सकाळी ९ वाजून एका मिनिटाने ‘मिळेल त्या भावाने’ अशी ऑर्डर टाकू नये. विक्रीचा दिसणारा भाव बघून तोच किंवा त्याच्या जरा वर मर्यादा लिहून ऑर्डर द्यावी. जागतिक फंडात ती सेकंदात पुरी होते. ११ नोव्हेंबरला पोलंडमध्ये सुट्टी असली तरी झेट्रा चालू असतं, पण पोलिश बँकांचं हस्तांतर त्या दिवशी हलत नाही.

कराचा कागद म्हणजे पिट-३८ हे विवरणपत्र, मुदत ३० एप्रिल. पोलिश ब्रोकर फेब्रुवारी संपेपर्यंत पिट-८सी, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक, पाठवतो आणि तो आकडा सरकारच्या पोर्टलवर आधीच भरलेला दिसतो. परदेशी ब्रोकर सहसा हे पत्रक पाठवत नाही. आणि पोर्टलवरचं विवरणपत्र हात न लावता तसंच ठेवलं तर मुदतीला ते आपोआप मान्य धरलं जातं, परदेशी व्यवहारांशिवाय. स्वतः हिशेब करायचा तर प्रत्येक खरेदी आणि विक्रीसाठी पोलंडच्या मध्यवर्ती बँकेचा आदल्या कामाच्या दिवसाचा सरासरी भाव घ्यायचा, आधी घेतलेली युनिटं आधी विकली असं धरायचं, दलाली खर्चात टाकायची. हिशेब झ्वॉटीत होत असल्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. १,००० युरोंना ४.२० च्या भावाने घेतलेलं १,००० युरोंनाच ४.६० च्या भावाने विकलं, तर युरोत नफा शून्य, पण झ्वॉटीत ४०० आणि त्यावर ७६ झ्वॉटी कर. तोटा झाला तर तो पुढची पाच वर्षं वजा करता येतो, म्हणून तोट्याच्या वर्षीही विवरणपत्र भरायचंच. डिसेंबरच्या अगदी शेवटच्या दिवसांत केलेल्या विक्रीची पूर्तता जानेवारीत होते आणि ती पुढच्या वर्षात जाते.

क्राकूव आणि व्रोत्सवाफच्या आयटी कंपन्यांत मराठी माणसं आहेत, त्यांच्यासाठी यात दोन गोष्टी वेगळ्या. पोलंडचा कर-रहिवासी झालेल्याला इके उघडता येतं, नागरिकत्व लागत नाही. पण रहिवासी झाल्यावर पोलंड त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर हक्क सांगतो. भारतातला म्युच्युअल फंड त्या काळात विकला तर तो नफा पोलंडच्या विवरणपत्रातही येतो, भारतात भरलेल्या कराची सवलत दोन देशांच्या करारानुसार मागायची. आणि कायमचं परत येऊन भारतात पूर्ण रहिवासी झाल्यावर इके ही परदेशी मालमत्ता म्हणून भारतीय विवरणपत्राच्या एफए परिशिष्टात लिहावी लागते. पोलंडने दिलेली करमाफी पोलंडच्या कायद्यापुरती आहे. परतायचं जवळपास ठरलेलं असेल, तर इकझेच्या वाटेला जाऊ नये.

इके उघडताना एक छोटा रकाना असतो, आपल्यानंतर पैसे कोणाला द्यायचे याचा. घाईत लोक तो रिकामा सोडतात. त्यात नाव असेल तर त्या माणसाला वारसाकर लागत नाही, नफ्यावरचा करही लागत नाही, आणि हवं तर तो ती रक्कम स्वतःच्या इकेत वळवू शकतो, स्वतःची वार्षिक मर्यादा न वापरता. नाव पासपोर्टवर आहे तसं लिहावं, जन्मतारखेसकट. लग्नानंतर, घटस्फोटानंतर, मूल झाल्यावर तो रकाना आपोआप बदलत नाही, ब्रोकरला नवा अर्ज द्यावा लागतो.